फिजिकल ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एकट्याने पीएचडी करणाऱ्याने परिषदांना जावं का? आपली माणसं कुठे भेटतात?

तुमचा प्रश्न वाचला. मराठवाड्यातल्या विद्यापीठात पीएचडी चालू आहे, अख्ख्या विभागात कायनेटिक्स (रिॲक्शनचा वेग) आणि मेकॅनिझम (ती कुठल्या पायऱ्यांनी घडते) यांवर काम करणारे तुम्ही एकटेच, गाइड सिंथेसिसचे, म्हणजे रेणू बनवणारे. अशा परिस्थितीत कॉन्फरन्सवर पैसा आणि वेळ घालवावा का, आणि या विषयातली माणसं भेटतात तरी कुठे, असं तुम्ही विचारलंय.

जा. आणि सिंथेसिस करणाऱ्या तुमच्या मित्रांपेक्षा तुम्हाला जाण्याची गरज जास्त आहे, असं मला ठामपणे वाटतं. त्यांचा रेणू बनला की नाही, हे एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारं यंत्र, सांगतं. आपल्याकडे असा निवाडा देणारं यंत्र नाही. मेकॅनिझम सिद्ध होत नाही. बाकीच्या शक्यता एकेक करून बाद करायच्या आणि जी टिकेल ती तूर्त धरून चालायचं, एवढंच आपल्या हातात असतं. आता अडचण अशी की आपल्याला जी कल्पना आवडलेली असते तिच्या विरोधातली शक्यता आपल्या डोक्यात सहसा येतच नाही. ती दुसऱ्यालाच सुचते, त्यातही ज्याला आपलं म्हणणं पटलेलं नाही अशाला. तो माणूस तुमच्या विभागात नाही, म्हणून बाहेर पडायचं.

या विषयाच्या इतिहासातला एक प्रसंग मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. 1962 चा उन्हाळा, अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन इथे रिॲक्शन मेकॅनिझमची परिषद भरली होती. जॉर्ज ओला तिथे बोलायला उभे राहिले. हंगेरीतल्या 1956 च्या उठावानंतर देश सोडून आलेला हा माणूस तेव्हा कॅनडात डाउ केमिकल कंपनीच्या सार्निया इथल्या प्रयोगशाळेत होता, कुठल्या नामांकित विद्यापीठात नव्हे. साधा अल्किल कार्बोकॅटायन (कार्बनवर धनभार असलेला आयन) म्हणजे रिॲक्शनच्या मधे निमिषभर जन्मून नाहीसा होणारा मध्यस्थ, अशी तोवरची सर्वसाधारण समजूत. ओलांनी सांगितलं की अतितीव्र आम्लात आम्ही तो टिकवून ठेवला आणि त्याचा एनएमआर घेतला.

समोर सॉल विन्स्टाइन आणि हर्बर्ट ब्राउन हे या विषयातले दोन दिग्गज बसले होते. नॉरबॉर्निल कॅटायन नावाच्या एका कार्बोकॅटायनवरून या दोघांचा वाद तेव्हा ऐन भरात होता. विन्स्टाइन म्हणत, यात सिग्मा बंधाचे (दोन अणूंमधल्या साध्या एकेरी बंधाचे) इलेक्ट्रॉन पुलासारखे पसरलेले आहेत आणि रचना एकच आहे. ब्राउन म्हणत, पूल वगैरे काही नाही, दोन साधे कॅटायन झपाट्याने एकमेकांत बदलतायत. मतं उलट, पण काटेकोरपणात दोघंही एकमेकांच्या तोडीचे. व्याख्यानानंतर काय झालं ते ओलांनी पुढे 1994 च्या नोबेल व्याख्यानात सांगितलंय. दोघांनीही त्यांना वेगवेगळं बाजूला घेतलं आणि बजावलं की तरुण माणसाने असा दावा फार जपून करावा, बहुधा तुमचं चुकतंय. आणि दोघांनीही पुढे सल्ला दिला: पण समजा तुमची पद्धत खरी निघालीच, तर तिने नॉरबॉर्निल कॅटायनचा पुरावा मिळवा. विन्स्टाइनना पुरावा हवा होता पुलाच्या बाजूचा, ब्राउनना त्याच्या उलट.

या गोष्टीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की दोघांनी शंका घेतली आणि त्याच दमात पुढचा प्रयोगही सुचवला. कागदोपत्री हेच व्हायला संपादक, परीक्षक, उत्तर, प्रत्युत्तर असे महिनेच्या महिने गेले असते. ओलांनी तो प्रयोग केला. पुरावा विन्स्टाइन यांच्या बाजूने गेला, ब्राउन यांनी तो मानला नाही, वाद आणखी कित्येक वर्षं चालला. शेवटी 2013 मध्ये जर्मनीतल्या गटांनी त्या कॅटायनचा स्फटिक मिळवून क्ष-किरणांनी रचना दाखवली, आणि पूल खरोखरच होता. त्या पेपरच्या लेखकांत पॉल श्लायर होते, तरुणपणापासून या वादात असलेले. विन्स्टाइन आणि ब्राउन तोवर हयात नव्हते. हा वाद अर्धशतक चालला, पण ही माणसं एकाच सभागृहात बसून भांडली. आपल्या विषयाचा समाज असाच बांधला गेलाय.

आता कुठे भेटतात ते. जगाच्या पातळीवर मुख्य म्हणजे आयूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छत्राखालची आयसीपीओसी, म्हणजे फिजिकल ऑरगॅनिकची आंतरराष्ट्रीय परिषद. 1972 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रान्स इथे सुरू झाली, तेव्हापासून दर दोन वर्षांनी, दर वेळी वेगळ्या देशात. 2016 ला सिडनी, 2018 ला पोर्तुगालमधलं फारो. 2020 ची हिरोशिमाची कोरोनामुळे 2022 वर गेली. युरोपात विषम वर्षांत ईएसओआर, म्हणजे ऑरगॅनिक रिॲक्टिव्हिटीवरची युरोपीय परिषद, भरते, ती आकाराने लहान आणि नवख्याला बुजायला न लावणारी. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचा या विषयाचा स्वतंत्र गट आहे.

गॉर्डन परिषदेबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण तिची रचनाच माणसं जोडायला केलेली आहे. फिजिकल ऑरगॅनिकची गॉर्डन परिषद वर्षानुवर्षं अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या होल्डरनेस नावाच्या निवासी शाळेत भरत आलीय. सकाळी व्याख्यानं, दुपार पूर्ण मोकळी, संध्याकाळी पोस्टर आणि पुन्हा व्याख्यानं. राहायचं मुलांच्या वसतिगृहातल्या खोल्यांत, जेवायचं एकाच भोजनगृहात. तिथे स्लाइडचा किंवा पोस्टरचा फोटो काढायचा नाही आणि ऐकलेलं परवानगीशिवाय कुठे उद्धृत करायचं नाही, हा पक्का नियम आहे. त्यामुळे लोक अर्धवट, न छापलेले, न जुळणारे निकाल घेऊन येतात. पुढचा उपाध्यक्ष आलेली मंडळीच मतदानाने निवडतात. मुख्य परिषदेच्या आधी विद्यार्थ्यांचं आणि पोस्टडॉकचं वेगळं सेमिनार असतं, ते त्यांनीच चालवायचं. मोकळी दुपार म्हणजे वेळ फुकट घालवणं असं आपल्याकडच्या आयोजकांना वाटतं. सकाळी नऊ ते रात्री आठ व्याख्यानं कोंबायची आणि मधे शाल-श्रीफळ. मला हे मनापासून खटकतं. लोकांना बोलायला वेळच ठेवला नाही तर ते एकत्र आले कशाला?

पोस्टरपाशी काय घडू शकतं याचा एक नमुना देतो. युरोपातल्या एका परिषदेत माझ्या शेजारच्या पोस्टरवर एका मुलीचा हॅमेट प्लॉट होता, म्हणजे रेणूवरचा सब्स्टिट्युएंट (जोडलेला गट) बदलला की रिॲक्शनचा वेग कसा बदलतो याचा आलेख; इथे वेगवेगळे सब्स्टिट्युएंट असलेल्या बेंझाल्डिहाइडवर अमाइनची रिॲक्शन. रेषा सरळ चढत होती आणि एका ठिकाणी खाली वाकली होती. वाकलेल्या भागातले तीन बिंदू तिने पोकळ वर्तुळांनी दाखवले होते, म्हणजे ‘यांच्याकडे जरा कानाडोळा करा’. एक वयस्कर प्राध्यापक आले, चष्मा कपाळावर चढवला आणि नेमकं त्या पोकळ वर्तुळांवर बोट ठेवलं. ‘पीएच किती होता?’ तिने सांगितला. ‘थोडा बदलून पुन्हा करा. वाक जागेवरून सरकला, तर ही चूक नाही, इथे मंद पायरी, म्हणजे सगळ्या रिॲक्शनचा वेग ठरवणारी, बदलतेय. एका बाजूला अमाइन जोडलं जाणं मंद आहे, दुसऱ्या बाजूला पाणी बाहेर पडणं.’ रेषा खाली वाकली तर सावकाश चालणारी पायरी बदलल्याचा संशय घ्यायचा, वर वाकली तर मेकॅनिझमच बदलल्याचा, हे पुस्तकात असतं आणि तिने ते वाचलेलंही होतं. पण स्वतःच्या आकड्यांवर ते लावून बघायला कुणीतरी ते बोट ठेवावं लागलं. मग त्या गृहस्थांनी तिच्याच पोस्टरच्या कोपऱ्यात पेन्सिलने दोन वक्र काढून दिले आणि वाक कुठल्या दिशेला सरकेल तेही सांगितलं. पाचेक मिनिटांत थिसिसचं एक प्रकरण उभं राहिलं, असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून माझा पहिला सल्ला: पोस्टरवर जुळलेले निकाल न्याच, पण न जुळलेला एक तरी निकाल ठळक जागी लावा आणि खाली स्पष्ट लिहा की हे मला समजलेलं नाही. मोठी माणसं तिथेच थबकतात. आणि व्याख्यानानंतर प्रश्न विचारा. इंग्रजी अडखळलं तरी चालेल; ‘हा प्रयोग त्या दुसऱ्या शक्यतेला कसा बाद करतो?’ एवढा एक प्रश्न आपल्या विषयात कुठेही चालतो आणि कधीच उथळ ठरत नाही.

पैशांचं म्हणाल तर परदेशवारीसाठी सर्ब या केंद्र सरकारच्या संशोधन-निधी मंडळाची ट्रॅव्हल सपोर्ट योजना असायची. आता सर्बच्या जागी एएनआरएफ आलंय, तेव्हा चालू नियम तिकडे बघा. सीएसआयआरही संशोधक विद्यार्थ्यांना प्रवास अनुदान देत आलंय. परिषदांचे स्वतःचे विद्यार्थी-अनुदानाचे अर्जही असतात, ते लोक भरतच नाहीत. पण पहिली पायरी देशातच ठेवा. सीआरएसआय या भारतातल्या रसायन-संशोधकांच्या संस्थेची परिसंवाद मालिका आणि तरुणांसाठीची ऑरगॅनिक केमिस्ट्रीची परिषद ज्युनियर नॉस्ट इथे ऑरगॅनिकवाल्यांच्या गर्दीत आपली माणसं विखुरलेली असतात. कार्यक्रमपत्रिकेत ‘फिजिकल ऑरगॅनिक’ हे नाव शोधू नका, ते क्वचितच दिसतं. एन्झाइम, ऑरगॅनोकॅटॅलिसिस, सुप्रामॉलिक्युलर, कम्प्युटेशनल अशा पाट्यांखाली बघा. ज्याच्या सारांशात रेट कॉन्स्टंट, आयसोटोप इफेक्ट किंवा ट्रान्झिशन स्टेट आहे, तो आपला.

आणि जायला जमलं नाही तर? लॅटिन अमेरिकेकडे बघा. ब्राझील, अर्जेंटिना, चिली इथल्या लोकांनी स्वतःची फिजिकल ऑरगॅनिक परिषद उभी केली, ती आळीपाळीने या देशांत भरते. चिलीत जन्मलेले फारुक नोम ब्राझीलमधल्या फ्लोरियानोपोलिसला स्थायिक झाले आणि 2018 मध्ये जाईपर्यंत मायसेलमधल्या (साबणासारख्या रेणूंच्या पाण्यातल्या पुंजक्यांमधल्या) रिॲक्शनवरचं त्यांचं काम आणि त्यांचे विद्यार्थी यांनी त्या भागात हा विषय धरून ठेवला. मोठ्या केंद्रांपासून लांब असणं ही त्यांचीही अडचण होतीच.

आपल्याकडे याची छोटी आवृत्ती सहज जमते. पुण्यात आम्ही काही जण शनिवारी दुपारी जमायचो. एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्था शेजारी-शेजारी, गणेशखिंडीतलं विद्यापीठ जवळ, त्यामुळे येणं सोपं. स्लाइड चालत नसत, फक्त फळा आणि खडू. बोलणाऱ्याने स्वतःचा एक न सुटलेला निकाल आणायचा, मेकॅनिझम शेवटी सांगायचा. त्याआधी बाकीच्यांनी किमान तीन मेकॅनिझम सुचवायचे आणि प्रत्येकाला बाद करू शकेल असा एक प्रयोग. गाइड लोकांना यायची मुभा होती, पण पहिला अर्धा तास त्यांनी बोलायचं नाही. हा शेवटचा नियम फार कामाचा ठरला. एरवी मुलं सरांच्या तोंडाकडे बघत बसतात.

नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर इथे मिळून तुमच्यासारखे चार-पाच जण नक्की निघतील, कुणी फार्मसी कॉलेजात औषधांच्या हायड्रॉलिसिसवर, कुणी रंगद्रव्यांवर, कुणी नुसत्या कम्प्युटेशनवर. फार्मसीवाल्यांना विसरू नका, औषध किती दिवस टिकतं हा कायनेटिक्सचाच प्रश्न आहे. महिन्यातून एकदा ऑनलाइन आणि सहा महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष भेटा. प्रत्यक्ष भेट सोडू नका, कारण ओळख नसलेल्या माणसाला ‘तुझा कंट्रोल एक्सपेरिमेंट कुठाय?’ असं पडद्यावरून विचारलं की तो दुखावतो, आणि एकत्र जेवलेल्याला विचारलं की तो वही उघडतो.

पहिल्या बैठकीला विषय काय घ्यावा असा प्रश्न पडेल. आयूपॅकची फिजिकल ऑरगॅनिकची परिभाषासूची घ्या, पॉल म्युलर यांनी संपादित केलेली 1994 ची आणि तिची 2022 ची नवी आवृत्ती. दोन्ही शेजारी ठेवून एकच नोंद वाचा, मग आपल्या आकड्यांना ती लागू होते का ते प्रत्येकाने फळ्यावर दाखवा. दोन तास पुरणार नाहीत. तुमचे स्वतःचे आकडे कुठल्या रिॲक्शनचे आहेत ते खाली प्रतिक्रियेत लिहा. त्या दिशेला काम करणारं कुणी माझ्या ओळखीचं असेल तर त्यांना विचारून तुमची गाठ घालून देतो.