पहिल्यांदाच टीए (टीचिंग असिस्टंट) झालोय, शिकवायचं कसं हे कुणीच सांगितलं नाही, मदत कुठे मिळेल?

सगळ्यात आधी कोर्सच्या प्राध्यापकांकडून मागच्या सेमिस्टरचे प्रश्नसंच, उत्तरं आणि मार्क देण्याचं रुब्रिक (कशाला किती मार्क द्यायचे याचा तक्ता) मागून घ्या, आणि तोच कोर्स आधी घेतलेल्या टीएला गाठून अर्धा तास बोला, कारण पोरं नेमकी कुठे अडकतात हे त्यालाच माहीत असतं. मी स्वतः टीए होतो तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. युनिव्हर्सिटीत टीचिंग सेंटर (शिकवणाऱ्यांना मदत करणारा विभाग) असेल तर बेस्टच, बऱ्याच ठिकाणी ते विनंती केली की तुमचा तास बघून फीडबॅकही देतात. नसेल तर मिशिगन युनिव्हर्सिटीचं सीआरएलटी (तिथलं टीचिंग सेंटर, १९६२ पासूनचं आहे) आणि कार्नेगी मेलनचं एबर्ली सेंटर यांच्या साइटवरचं साहित्य बाहेरच्यांनाही फुकट वाचता येतं.

पहिल्याच आठवड्यात या गोष्टी करा:
- प्रश्न विचारल्यावर किमान ३ सेकंद गप्प राहा. मेरी बड रो यांच्या संशोधनात दिसलं की शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात आणि थोडं जास्त थांबलं की उत्तरं मोठी आणि चांगली येतात. सुरुवातीला फार अवघड वाटतं पण खरंच फरक पडतो.
- पेपर तपासताना सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं जा म्हणजे मार्क एकसारखे पडतात.

फक्त एक लक्षात ठेवा, त्या साइट अमेरिकेतल्या आहेत, त्यामुळे मार्क, कॉपीची प्रकरणं, टीएचे कामाचे तास यात तुमच्या डिपार्टमेंटचेच नियम चालतील, ते लेखी मागा.