भिंत झुकली, कारण पाणी कोंडलं

प्रश्न : नागपूरच्या पश्चिमेला तलावाकाठी आमचा उताराचा प्लॉट आहे. घरापासून काठापर्यंत साठ फुटांत चौदा फूट उतार. भराव अडवायला तीन वर्षांपूर्वी सहा फूट उंच, नऊ इंची विटांची भिंत बांधली. यंदा जुलैत ती मधोमध तीन इंच पुढे आली. बाहेरून पिलर देऊन प्लास्टर करू, असं ठेकेदार म्हणतो. करावं का?

उत्तर : नाही. नऊ इंची विटांची भिंत म्हणजे कंपाउंडची भिंत. माती अडवणं तिचं काम नव्हे. सहा फूट मुरूम कोरडा असतानाही दर मीटर लांबीला साधारण एक टन रेटा देतो. मागे पाणी तुंबलं की तोच रेटा दोन टनांच्या वर जातो. तुमच्या भिंतीला पाणी बाहेर पडायला भोकं आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसतील, असाच अंदाज आहे.

भिंतीपासून हातभर मागे दोन फूट खोल खड्डा घेऊन बघा. काळी माती लागली तर कोडं सुटलं. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या जोराच्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट भिंतीच्या पाठीशी उतरतं. आपल्याकडे अशा भिंती बहुधा जून-जुलैतच झुकतात, त्या यामुळेच. बाहेरून दिलेले पिलर त्याच कच्च्या भरावावर उभे राहणार, म्हणजे तेही भिंतीसोबत सरकणार.

सध्या एवढंच करा : भिंतीमागची वरची दोन-तीन फूट माती काढून ओझं हलकं करा, वर ताडपत्री टाका आणि भिंतीच्या खाली कुणाला उभं राहू देऊ नका. पाडकाम जानेवारीनंतर, तेही एकदम नाही, तीन-तीन मीटरच्या तुकड्यांत.

प्रश्न : मग नवी भिंत कशाची?

उत्तर : तुमच्या जागेला गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून केलेली भिंत. पाणी तिच्यातून आपोआप निघून जातं आणि जमीन थोडी बसली तरी ती तडकत नाही. पाया काळ्या मातीत नको, खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खणा. खालचा थर दीड मीटर रुंद, वरचा एक मीटर, प्रत्येक एक मीटर उंच. त्यातला फूटभर जमिनीत, आणि भिंतीचा कल किंचित उताराच्या वरच्या बाजूला. दर मीटर लांबीला जवळपास एक ब्रास (शंभर घनफूट) डबर, म्हणजे बांधकामाचा दगड लागतो, म्हणजे पंधरा मीटरला तेरा-चौदा ब्रास. दगड टणक काळा, सहा ते दहा इंची. समोरचा थर हाताने रचून घ्या. ट्रॅक्टरमधून तसाच ओतलेला दगड नंतर बसतो आणि जाळीला पोट येतं. पेटी भरताना दर फूटभर उंचीवर पुढची-मागची जाळी तारेने ताणून बांधायची असते. मिस्त्री नेमकं हेच टाळतात, तेव्हा तिथे स्वतः उभे राहा.

भिंतीच्या पाठीला जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, मग फूटभर जाडीची गिट्टी, मग मुरूम. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून कुटायचा. भिंतीपासून मीटरभरात रोलर नको, प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे सपाट पाटीचं कुटायचं छोटं यंत्र चालेल. खणून निघालेली काळी माती पुन्हा भरावात गेली तर सगळा खर्च वाया. ती झाडांच्या आळ्यांत टाका.

चौदा फूट उतार एकाच भिंतीने अडवू नका. दोन टप्पे करा आणि दोन भिंतींत खालच्या भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर ठेवा, नाहीतर वरचीचं ओझं खालचीवर येतं. आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या.

प्रश्न : गच्चीचं पाणी उतारावर सोडलं तर चालेल? तेवढीच झाडं भिजतील.

उत्तर : हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला की साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी होतं. एवढा टँकर कुणी उतारावर रिकामा करतं का? चार इंची पाइपने ते थेट पायथ्याशी न्या आणि तोंडाशी दगड पसरा. भिंतीच्या माथ्यामागे एक उथळ, पक्की नाली हवीच. शोषखड्डा भिंतीजवळ नको.

प्रश्न : उतारावर लॉन लावावं की झाडं?

उत्तर : लॉनची मुळं वीतभर, रोज पाणी मागणार ते वेगळंच. वाळा लावा. कूलरच्या ताट्यांत भरतो तोच. त्याची मुळं सरळ दोन-तीन मीटर खाली जातात. उताराला आडव्या ओळी, रोपं चार ते सहा इंचांवर, दर मीटर उतारीला एक ओळ. रोप पावसाच्या सुरुवातीला लावा आणि ओळीत एकही फट सोडू नका, पाणी तीच वाट धरतं. पहिल्या वर्षी ओळींमध्ये ज्यूटचं जाळं अंथरा. भिंतीजवळ वड-पिंपळ उगवला तर रोपटं असतानाच उपटा.

प्रश्न : तलावाच्या पाण्याने भिंतीचा पायथा धुपतो का?

उत्तर : धुपतो. लाटांपेक्षाही उतरतं पाणी वाईट. 23 सप्टेंबर 2023 ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, तसा तुमचा तलाव चढून झपाट्याने उतरला, तर मागची माती ओलीच राहते आणि समोरचा पाण्याचा आधार जातो. म्हणून पायथ्याशी तेच जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरून त्यावर दीड-दोन फूट जाडीचं दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर करा. मात्र काठाकडे भराव पुढे सरकवून प्लॉट वाढवायचा नाही. पूररेषा कुठे येते, ते नगररचना विभागात नकाशावर बघूनच आखणी करा.