विहिरीला पाणी का आहे, ते विचार

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. गोव्यातलं, खाणीच्या गावातलं घर आवडलंय, आई नको म्हणते, दलाल टोकन मागतोय आणि पुण्याला परतायच्या आधी तुला ठरवून टाकायचंय. घर कसं आहे ते मी सांगत बसणार नाही. मातीच्या जाड भिंती, मंगळुरी कौलं, मध्ये राजांगण, मागे चार माड. ते तुला दिसलंय आणि तुझी नजर चांगली आहे. मी एकच विचारतो. त्या विहिरीला पाणी का आहे?

तू लिहिलंस, 'विहीर तुडुंब भरलीय, वाकून हात घातला तर पाणी लागतं.' तू आलीस चतुर्थीच्या दिवसांत. त्या दिवसांत डिचोली तालुक्यात कुठल्या विहिरीला पाणी नसतं? पाऊस पडून ओसरलेला, जमीन भिजून जड झालेली. त्या पाण्यावर विश्वास ठेवून आयुष्याची पुंजी लावायची नसते. वैशाखात ये आणि तेव्हा विहिरीत डोकाव. पाणी दिसलं तरी लगेच हुरळून जाऊ नकोस, कारण खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

आमच्याकडचं लोहखनिज भूजलाच्या पातळीच्या खालीही जातं. खड्डा तेवढा खोल गेला की पंप लावून पाणी उपसावं लागतं, आणि उपसा सुरू झाला की आजूबाजूच्या विहिरींचं, झरींचं पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. शिरगावात विहिरी आणि तळी कशी आटली ते सगळ्या गोव्याने पाहिलंय. ज्या गावाला पिढ्यान् पिढ्या पाणी विकत घ्यावं लागलं नव्हतं, तिथे टँकरची वाट बघणं आलं. खाण थांबली की पंप थांबतात, खड्डा भरतो आणि विहिरी हळूहळू वर येतात. तुला दिसलेलं पाणी खाण थांबल्यामुळे आलेलं असू शकतं. पंप पुन्हा सुरू झाले तर ते राहील का, हे त्या दलालाला विचार. तो विषय बदलेल.

'पण खाण तर बंद झालीय ना?' असं तू दोनदा लिहिलंस. बाय, बंद किती वेळा झाली ते तरी बघ. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने थांबवली, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. एप्रिल 2014 मध्ये न्यायालयाने बंदी उठवली आणि पुढे ट्रक परत रस्त्यावर आले. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं, मार्चच्या मध्यापासून पुन्हा शांतता. मग 2022 च्या डिसेंबरात खाणींच्या जमिनीचे ब्लॉक करून लिलाव सुरू झाले आणि 2024 मध्ये डिचोलीच्या ब्लॉकमध्ये काम सुरूही झालं. तो ब्लॉक सुमारे 478 हेक्टरांचा आहे. डिचोली, बोर्डे, लामगाव, मुळगाव, मये, शिरगाव एवढ्या ठिकाणची जमीन त्यात आहे. मुळगावचे लोक आजही मागणी करतायत की आमची घरं, देवळं, शेतं त्या हद्दीतून वगळा. म्हणजे माणूस आपल्या घरात झोपलेला असतो आणि कागदावर ते घर खाणीच्या पट्ट्यात असतं. जमीन तुझ्या नावावर झाली म्हणून तिच्याखालचं खनिज तुझं होत नाही. पोर्तुगीज काळात दिलेले परवाने 1987 च्या कायद्याने पट्टे झाले, पट्ट्यांचे आता ब्लॉक झाले, आणि यातल्या एकाही वेळी वर राहणाऱ्याला कुणी विचारायला आलं नाही.

म्हणून म्हणतो, पाणी का आहे ते विचार. त्या एका प्रश्नाचा माग काढत गेलीस की बाकीचं सगळं आपोआप हाताला लागतं. खड्डा कुठे आहे, कुणाकडे आहे, लिलावात गेलाय का, तुझा सर्व्हे नंबर त्या यादीत आहे का. वास्तूची दिशा बघायला आईने सांगितलंय, ती खुशाल बघ. पण आधी सर्व्हे नंबर घेऊन खाण खात्यात जा आणि ब्लॉकच्या नकाशावर बोट ठेवून बघ. पर्यावरण परवान्याच्या अहवालातही सर्व्हे नंबर असतात. वाचायला कंटाळवाणा असतो तो, तरी वाच.

कागदांचं थोडक्यात सांगतो, वकील तुला सविस्तर सांगेलच. एक-चौदाच्या उताऱ्यात, म्हणजे आमच्याकडच्या सात-बारात, फक्त कब्जेदाराचं नाव बघून थांबू नकोस, कूळ आणि इतर हक्कांचे रकानेही वाच. घरात मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहण्याचा कायदेशीर हक्क असलेला माणूस, आहे का, ते शेजाऱ्यांना विचार. विकणारा विवाहित असेल तर नवरा-बायको दोघांच्या सह्या हव्यात, आणि वाडवडिलांचं घर असेल तर इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) किंवा वारसाचा दस्त झालाय का ते पाहा. कुणीतरी मस्कतला किंवा लिस्बनला असतोच, आणि त्याची सही राहिलेली असते. घराखालचं भातशेत 'सोबत देतो' म्हणतात, त्याला भुलू नकोस. 2023 च्या कायद्यानंतर भातशेत शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. आणि मयेचं घर दाखवलं तर दुप्पट सावध राहा. तिथल्या जमिनी गोवा मुक्तीनंतर कितीतरी वर्षं स्थलांतरितांची, म्हणजे गोवा सोडून गेलेल्यांची, मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात होत्या.

तू पाठवलेल्या फोटोंबद्दल मात्र मला राग आला, तुझा नव्हे, दाखवणाऱ्याचा. घरामागची 'हिरवीगार टेकडी' डोंगर नव्हे, तो डंप आहे, खाणीतून काढलेल्या मातीचा ढीग. बघ, माथा सपाट आहे, उतार पायऱ्यांसारखा कापलेला आहे आणि वर एकाच जातीची झाडं आहेत. ऑस्ट्रेलियन अकेशिया. आमच्या डोंगरावर किंदळ, माट्टी, कुंभा, जांभूळ, काजू असं सगळं मिसळून उगवतं. एकच झाड रांगेत उभं दिसलं की ते माणसाने लावलंय असं समजायचं. टनभर खनिजामागे अडीच-तीन टन माती बाजूला काढावी लागते, ती माती कुठेतरी रचलेली असतेच. 2010-11 साली गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. त्यामागची माती किती, याचा हिशेब तूच कर. आषाढात त्या उतारावरून काय वाहतं ते बघ. पायथ्याला चिऱ्यांची भिंत आहे का, गाळ अडवायला खड्डे आहेत का, ते साफ कोण करतं. लाल पाणी पाटातून शेतात शिरतं आणि गाळ सुकला की त्यावर भात रुजत नाही. तेही पाणीच, बाय. वैशाखातलं नसलेलं पाणी आणि आषाढातलं नको असलेलं पाणी, दोन्ही बघितल्याशिवाय सही करायची नाही.

आणि फोटोतलं ते निळं 'तळं'? तो पाण्याने भरलेला खाणीचा खड्डा आहे, त्यात पोहायला जाऊ नकोस. काठ उभे कापलेले असतात, पाय टेकायला जागा नसते.

आता तुझी आई. 'खाणीच्या गावात माणसं राहतात होय?' असं ती म्हणाली म्हणे. तिला मी चौथीत शिकवलंय, तिला सांग की मास्तर राहतात. माझ्या वडिलांचं कुळागर होतं. सुपारी, केळी, मिरी, आणि वरून येणारी बारमाही झर. झर आधी उन्हाळ्यात थांबायला लागली, मग कायमची थांबली. सुपाऱ्या शेंड्यापासून वाळत गेल्या. भावांनी आपापले हिस्से विकले, एक पर्वरीला गेला, एक मुंबईला. मलाही चांगला भाव मिळत होता. मी विकलं नाही. हट्टी म्हणाले, मुलांचा विचार करत नाही म्हणाले. मुलांचाच विचार केला मी. सगळेच निघून गेलो असतो तर इथे पाणी होतं हे सांगायला कोण उरलं असतं? दर वैशाखात मी विहिरीत दोरी सोडतो, ओली किती आणि कोरडी किती ते मोजतो, वहीत लिहून ठेवतो. शाळेत होतो तोवर मुलांकडूनही मोजून घ्यायचो. ग्रामसभेत ती वही पुढे ठेवली की 'विहिरींना काही झालेलं नाही' असं म्हणणारा जरा वेळ गप्प बसतो. तेवढं मला पुरतं. आणि खाण थांबल्यावर पाणी कसं वर वर येत गेलं, तेही त्याच वहीत आहे. म्हणून तुला इतक्या ठामपणे सांगतोय.

गाव सोडून जा असं मी कुणालाच सांगत नाही, तुला तर नाहीच. तुझ्यासारखी शिकलेली, कागद वाचू शकणारी माणसं इथे यायला हवीत. पण डोळे मिटून नको. इथे घर घेणाऱ्याने विहिरीसाठी भांडायची तयारी ठेवूनच घ्यावं. सुट्टीला येऊन फोटो काढायचे असतील तर किनाऱ्यावर फ्लॅट घे, मी काही म्हणणार नाही.

ठरवायचीच घाई असेल तर असं ठरव. टोकन देऊ नकोस. त्या घरमालकाला सांग, मी अकरा महिने भाड्याने राहते, दुरुस्ती माझ्या खर्चाने करते, पुढच्या पावसाळ्यानंतर व्यवहार करू. घराखालच्या पाण्याची खात्री असलेला माणूस याला नाही म्हणणार नाही. दलाल म्हणेल दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. असू दे उभं. घर गेलं तर जाऊ दे, या तालुक्यात कुलूप लागलेली घरं पुष्कळ आहेत. पुण्याहून काम चालतं असं तूच लिहिलंस, मग इथूनही चालेल. रेंज वरच्या वाड्यावर मिळते.

सर्व्हे नंबर आणि एक-चौदाचा फोटो मला आज पाठव. सोमवारी डिचोलीला जायचंय, तेव्हा मामलेदार कचेरीतून पुढची चौकशी करून येतो. आणि त्या विहिरीची खोली किती, ती तूच दोरी सोडून मोज, दलालाला विचारू नकोस.

तुझे,
मास्तर