चावी कुरिअरने पाठवणारा घरमालक

प्रश्न : ताई नमस्कार, मिस्टरांना म्युनिकला जॉब लागलाय, पुढच्या महिन्यात आम्ही तिघं निघतोय, मुलगी पाच वर्षांची आहे. ऑनलाइन एक मस्त फ्लॅट सापडलाय, फर्निचरसकट, भाडंही कमी. मालक म्हणतो मी लंडनला असतो, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पासपोर्टची कॉपी पाठवा, चावी कुरिअर करतो. हे म्हणतात पाठवून टाकू नाहीतर हातचं जाईल. काय करू?

उत्तर : अजिबात पाठवू नका. पैसेही नाही आणि पासपोर्ट तर नाहीच. म्युनिकमध्ये घर मिळवताना तिथलेच लोक मेटाकुटीला येतात, अशा गावात कमी भाड्याचा सजवलेला फ्लॅट घेऊन मालक तुमची वाट बघत बसलाय, हे तुम्हाला तरी पटतंय का? मालक परदेशी आणि चावी कुरिअरने, ही तिथली जुनी फसवणूक आहे, फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच जाहिरातीतून उचललेले असतात.

माझं ऐकाल तर कायमचं घर इथून शोधूच नका. पहिले दोन-तीन महिने फर्निश्ड घर घ्या, महाग पडेल, पडू दे, एचआरला विचारा काही मदत करतात का. फक्त बुक करायच्या आधी एक विचारा, इथे आनमेल्डुंग करता येईल ना? म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत करायची असते आणि त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते द्यायला मालक टाळाटाळ करत असेल तर ते घर सोडा, कारण टॅक्स आयडी त्या नोंदीनंतरच पोस्टाने येतो, पगारातून किती टॅक्स कापायचा ते त्यावर ठरतं.

मग तिथे बसून निवांत शोधा. जाहिरातीत काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग-पाणी वगैरे धरून, वीज बहुतेक वेळा त्यातही नसते, त्यामुळे हिशोब वार्मवरच करा. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त 3 महिन्यांचं काल्टमीटे, आणि ते 3 हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे, हे कुणी आपणहून सांगत नाही. शूफा, म्हणजे तिथला क्रेडिट रिपोर्ट मागतील, नव्या माणसाकडे त्यात दाखवण्यासारखं काही नसतंच, तेव्हा नोकरीचं काँट्रॅक्ट आणि पगाराच्या स्लिपा जोडा.

आणि हो, बिनफर्निचरचं घर म्हणजे कधी कधी स्वयंपाकघरसुद्धा नाही! ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नळाचा पाइप बाहेर आलेला आणि छताला बल्बच्या जागी नुसती लोंबणारी वायर. आधीचा भाडेकरू त्याचं किचन विकून जातो कधीकधी, घासाघीस करा, लाजू नका. चावी घेताना प्रत्येक खोलीतले ओरखडे, डाग, मीटरचे आकडे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, फोटोही काढा, घर सोडताना डिपॉझिटवरून वाद होतो तो इथेच.

राहायला गेल्या दिवशीच टपालपेटीवर आणि बेलवर तिघांचं आडनाव लावा, आधी चिकटपट्टीवर लिहिलं तरी चालेल. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, मग बँकेचं कार्ड आणि तो टॅक्स आयडी दोन्ही अडकतात.