महजर वाचायला बसताना

पाटीलकी वा कुलकर्णाच्या (गावच्या वंशपरंपरागत हक्कांच्या) वादांवरील महजर, म्हणजे सभेसमोर झालेल्या निर्णयाचे कागद, आणि निवाडपत्रे वाचण्याची तुमची इच्छा पाहून फार आनंद झाला. मोडीची भीती बाळगू नका. आधी देवनागरीत छापलेले आठ-दहा महजर सावकाश वाचा, म्हणजे मायना आणि ठरावीक शब्द ओळखीचे होतील व मूळ कागदही उलगडू लागेल.

नवा वाचक निकाल शोधत शेवटाकडे धावतो आणि हजर मजालसीची, म्हणजे सभेला उपस्थित असलेल्यांची, यादी ओलांडून जातो, ही सर्वांत मोठी चूक. खरे गाव त्या यादीतच असते. देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, पाटील आणि बलुतेदार कोणत्या क्रमाने आले, हे तिथे दिसते. सहीच्या जागी पाटलाचा नांगर किंवा न्हाव्याचा आरसा अशी निशाणी आढळली, की त्या सभेत बसलेला माणूसच समोर उभा राहतो.

दुसरी चूक म्हणजे अग्रवादीची (दावा मांडणाऱ्याची) तकरीर, म्हणजे जबानी, हीच घडलेली हकीकत समजणे. ती एका पक्षाची बाजू असते, म्हणून पश्चिमवादीची (प्रतिपक्षाची) तकरीर वाचल्याशिवाय मत बनवू नका. जिंकणाऱ्याकडून हरकी (निकालाच्या आनंदाची रक्कम) आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड) घेतली जाई, तेव्हा त्या रकमा जरूर टिपून ठेवा. वादाला सरकारी खजिन्याचीही एक बाजू होती, हे त्यांतून कळते.

या कागदांवरील शुहूर सन या कालगणनेतील वर्षाचे इसवी सन काढताना महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात; घाईत येथे एका वर्षाची चूक हमखास होते. दिव्याचे (खरेखोटे ठरवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या कठोर परीक्षेचे) प्रकार आणि वतनाच्या तक्षिमा (वाटे) यांचा अभ्यास सध्या बाजूला ठेवा.