मुलांना आणि वडिलांना घेऊन हिवाळ्यात मसाई पठार

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ७ आणि ११ वर्षांची दोन मुले व ६८ वर्षांचे वडील यांना घेऊन कोल्हापूरहून एका दिवसात डोंगरमाथ्यावर जाऊन यायचे आहे, तर गगनगड बरा की मसाई पठार, असे आपण विचारले आहे. माझा कौल मसाई पठाराला आहे. गगनबावड्याच्या या गडावरून खाली कोकण आणि करूळ व भुईबावडा घाटांच्या बाजूचे डोंगर दिसतात, ते दृश्य सुंदरच आहे, पण तेथे गाडी बरीच वर जाते आणि उरलेली वाट पायऱ्यांची आहे. ते दर्शन आणि देखावा झाला, दिवसभराची चाल नव्हे. शिवाय जाता-येता शंभराहून अधिक किलोमीटर गाडीत बसावे लागते. मसाई पठार कोल्हापुरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, पन्हाळ्याच्या पश्चिमेला आहे आणि तेथे चाल आपल्या बेताप्रमाणे वाढवता किंवा आखडता येते.

पठाराविषयी आपण जे ऐकले असेल ते बहुधा पावसाळ्यातील असेल. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले ते याच पठारावरून. त्यामुळे दरवर्षी जुलैत या वाटेने पदभ्रमंतीच्या मोहिमा निघतात आणि चिखल, धुके व ओढे यांचीच छायाचित्रे सगळीकडे फिरतात. हिवाळ्यात यातले काही उरत नाही. ओढे आटलेले असतात, गवत वाळून सोनेरी झालेले असते आणि जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माथ्यावर, सावलीला झाड मिळणे कठीण. म्हणून पाणी घरूनच न्यावे, माणशी किमान दोन लिटर. थंडीत तहान लागत नाही, या समजुतीवर विसंबू नये. लहान मुले खेळण्याच्या भरात पाणी मागतच नाहीत, आणि दुपारी डोके दुखू लागल्यावर आपल्या लक्षात येते.

पन्हाळ्यावरच्या राजदिंडी नावाच्या दरवाजातून उतरून सगळी वाट पायी करण्याचा मोह होईल, पण आपल्या मंडळींसाठी तो सोडावा. म्हाळुंगे गावापर्यंत गाडी न्यावी आणि तेथून चालावे. म्हणजे वडिलांना अर्ध्या वाटेत थकवा वाटला, तर घरातील एका मोठ्या माणसाबरोबर त्यांना परत गाडीकडे पाठवता येते. यासाठी बरोबर गाडी चालवू शकणारी दोन माणसे असणे फार सोयीचे. माथ्यावर मसाई देवीचे मंदिर आहे. तेथे टेकून डबा खावा आणि मगच कड्याकडे वळावे. भुकेलेल्या मुलाला कड्यापाशी नेऊ नये, ते हट्टालाच पेटलेले असते. कड्याखालील पांडवदऱ्याची लेणी पाहण्याजोगी आहेत, पण या खेपेला ती वगळावीत, कारण उतरलेले सगळे पुन्हा चढावे लागते.

कड्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. या पठाराची वरची टोपी जांभ्याची आहे. ती कठीण असते, पण तिच्याखालचा मऊ थर पावसाने झिजून जातो, त्यामुळे ठिकठिकाणी वरचा दगड पुढे आलेला आणि खाली पोकळ असा उरतो. वरून पाहणाऱ्याला पायाखालची ही पोकळी दिसत नाही. शिवाय कडेचे वाळलेले गवत उताराकडे आडवे पडलेले असते आणि त्यावरून बूट तेल लावल्यासारखा सरकतो. आम्ही घरात नियम केला आहे की कडेपासून चार मोठ्या ढांगा अलीकडे सगळ्यांनी खाली बसायचे आणि बसूनच पाहायचे. बसल्यावर दृश्य जराही कमी होत नाही. उत्तरेला वारणेचे खोरे, दक्षिणेला कासारीचे, पूर्वेला पन्हाळा आणि त्यापलीकडे जोतिबाचा डोंगर. सकाळी खोऱ्यात धुके व गुऱ्हाळांचा धूर मिसळून साचलेला असतो, तो दहा-साडेदहापर्यंत विरळ होतो. त्यामुळे पहाटेच पोहोचण्याची धडपड मुलांसाठी तरी करू नये.

थंडीची भीती बाळगू नये, वाऱ्याची मात्र बाळगावी. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि पठार नऊशेच्या आसपास, म्हणजे निव्वळ उंचीमुळे दोन-अडीच अंशांचाच फरक पडतो. परंतु घामेजलेल्या अंगावर सड्यावरचा वारा लागला की मुले कुडकुडतात. एका जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारे पातळ जाकीट आणि कोरडा बनियन अधिक उपयोगी पडतो. पायमोजे घोट्याच्या वरपर्यंतचे, विणीने घट्ट आणि गुळगुळीत असावेत. लोकरीचे सैल मोजे घालून गेलेल्या माझ्या पुतणीच्या मोज्यांत इतकी कुसळे रुतली होती की मंदिराच्या ओट्यावर बसून आम्ही पाऊण तास एकेक उपटत होतो. कुसळाचे टोक काट्यासारखे असते आणि पाऊल टाकावे तसे ते आतच शिरत जाते, म्हणून खिशात एक चिमटा ठेवावाच.

या परिसरात गव्यांचा वावर आहे. गवा दिसला तर थांबावे, मुलांना मधे घ्यावे आणि त्याला जाऊ द्यावे. छायाचित्रासाठी पुढे सरकणे किंवा आरडाओरडा करणे दोन्ही वाईट. शेकोटी किंवा चूल तर अजिबात नको. पठार हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि ते नसते तरी वाळल्या गवतात एक ठिणगी पुरते.

आता वेळेचे. डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर अंधार झपाट्याने पडतो. पाच वर्षांपूर्वी आम्ही पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाऊन अकरा वाजता निघालो, माथ्यावर रमलो आणि उतरताना मोबाइलच्या उजेडात धाकट्याला पाठीवर घेऊन यावे लागले. चूक सर्वस्वी माझी होती, कारण परतण्याची वेळ मी ठरवलीच नव्हती. आता आम्ही साडेनऊला चालू लागतो आणि अडीच वाजले की, कडा पाहून झालेला असो वा नसो, पाठ फिरवतो. ही वेळ मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवावी, म्हणजे माथ्यावर वाद होत नाहीत. उतरणीला मुले धावतात आणि मोठ्यांचे गुडघे बोलतात, तेव्हा वडिलांना काठी द्यावी आणि सगळ्यांची चाल त्यांच्या चालीवर ठेवावी.

लवकर उतरल्याचा एक लाभ असा की परतताना खालच्या गावांत एखाद्या गुऱ्हाळावर उजेडातच थांबता येते. मालकाला विचारून आत जावे, मुलांना गरम गूळ व काकवी चाखू द्यावी, आणि रस उकळण्याच्या काहिलीजवळ त्यांचा हात मात्र सोडू नये.