पान कोसळतं ते कसं?

प्रश्न : ‘गुगल ग्रॅव्हिटी’ उघडलं की लोगो, शोधपेटी, बटणं सगळं धपाधप खाली पडतं. हे गुगलचंच पान असतं का? स्वतःच्या पानावर असं करता येईल?

उत्तर : ते गुगलचं पान नव्हे, त्याची नक्कल. मिस्टर डूब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रिकार्डो कबेल्लो यांचा हा २००९चा प्रयोग. दुसऱ्या साइटचं पान आयफ्रेममध्ये, म्हणजे आपल्या पानातल्या चौकटीत, आणलं तरी ब्राउझर त्याच्या आत हात घालू देत नाही, म्हणून नक्कल करावी लागते. स्वतःच्या पानावर ती अडचण नाही.

पान चित्रं आणि फाँटसकट पूर्ण लोड होऊ द्या. मग प्रत्येक घटकाची (लोगो, बटण, चित्र) जागा, रुंदी, उंची मोजा. आधी सगळ्यांची मापं घ्या, त्यानंतरच त्यांना ‘अ‍ॅब्सोल्यूट’ करा, म्हणजे पानाच्या नेहमीच्या मांडणीतून सुटे करा. एकेक मोजत सुटा केलात, तर पहिला सुटताच उरलेले वर सरकतात आणि पुढची मापं चुकतात. आता मॅटर जेएससारख्या फिजिक्स इंजिनात (पडण्या-आदळण्याचं गणित करणाऱ्या तयार कोडमध्ये) त्याच मापांचे ठोकळे बनवा आणि दर फ्रेमला, म्हणजे पडदा नव्याने रंगतो तेव्हा, ठोकळ्याची जागा व कोन घटकाला द्या.

हमखास फसगत होते ती इथे. इंजिन ठोकळ्याचा मध्यबिंदू देतं, सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) डावा-वरचा कोपरा मागते. १२० बाय ३६ पिक्सेलचं बटण मग ६० पिक्सेल उजवीकडे, १८ खाली दिसतं आणि पडल्यावर अर्धं जमिनीत रुततं. अर्धी रुंदी, अर्धी उंची वजा करा. जमीन आणि भिंती पडद्याबाहेर शंभरेक पिक्सेल जाड ठेवा. पातळ भिंतीतून वेगाने आलेला ठोकळा आरपार जातो. १२० हर्ट्झच्या पडद्यावर सगळं दुप्पट वेगाने कोसळत असेल, तर तुम्ही दर फ्रेमला इंजिनाच्या गणिताची एक पायरी चालवताय. पायरी १/६० सेकंदाचीच ठेवा आणि तेवढा वेळ झाल्यावरच पुढची चालवा.

प्रश्न : फोन तिरका केला की वस्तू घरंगळाव्यात, असं केलंय. आयफोनवर मात्र काहीच हलत नाही.

उत्तर : आयओएस १३पासून हालचालीच्या सेन्सरसाठी परवानगी मागावी लागते, तीही बटणावर टॅप झाल्यावरच. पान उघडताच मागितली तर नाकारली जाते. साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) हवी, हेही तपासा.

प्रश्न : असा खेळ करून पान कायमचं बिघडतं का?

उत्तर : छे! बदल फक्त तुमच्या ब्राउझरमध्ये असतो, रिफ्रेश केलं की गेला. कुणी पाठवलेला कोड न समजता कन्सोलमध्ये (ब्राउझरमधल्या कोड चालवण्याच्या खिडकीत) चिकटवू नका, एवढंच. तुमच्या लॉगिनवर तो काहीही करू शकतो.